व्हीएस कोड या एडिटरमध्ये प्रत्येक फाइल वेगळ्या विंडोत कशी उघडायची?

प्रश्न : सी भाषेतला प्रोजेक्ट आहे. 'एसआरसी' फोल्डरात मेन.सी आणि पार्सर.सी, 'इन्क्लुड' फोल्डरात पार्सर.एच ही हेडर फाइल. मॉनिटर दोन आहेत. हेडर दुसऱ्या स्क्रीनवर कायम उघडं हवं आहे. फाइल मॅनेजरमधून उघडलं तर ते टॅब म्हणूनच येतं. टर्मिनलमधून 'कोड -एन' दिलं तर नवी विंडो मिळते, पण त्या विंडोत पार्सर.सी उघडली की इन्क्लुडच्या (हेडर जोडणाऱ्या) ओळीखाली लाल रेघ येते. जुन्या विंडोत तीच फाइल ठीक दिसते. कंट्रोल+के, ओ करून पाहिलं तर फोल्डर निवडायचा डायलॉग येतो.

उत्तर १ (सेमीकोलन) : डायलॉग येतो कारण कंट्रोल दाबलेलंच राहतंय. कंट्रोल+के दाबा, दोन्ही बोटं उचला, मग नुसतं ओ. कंट्रोल धरून ओ दाबलं की ती 'ओपन फोल्डर'ची आज्ञा होते.

लाल रेघेचं कारण वेगळं. '-एन'ने उघडलेल्या विंडोत फाइल सुटी असते, फोल्डर नसतो. त्यामुळे सी++ एक्स्टेन्शनला (एडिटरला सी/सी++ कोड समजावणाऱ्या जोडणीला) तुमचा इन्क्लुड पाथ, म्हणजे हेडर कुठे शोधायचं ते, दिसत नाही आणि प्रोजेक्टच्या सेटिंग्जही लागू होत नाहीत. हेडर सी फाइलच्या शेजारीच असतं तर कदाचित कळलंही नसतं.

तुम्हाला हवी आहे ती फ्लोटिंग विंडो, म्हणजे मुख्य विंडोतून बाहेर काढलेली पण तिलाच जोडलेली विंडो. १.८५ आवृत्तीपासून (२०२३ अखेर) ही सोय आहे. टॅब धरून विंडोच्या बाहेर ओढा आणि दुसऱ्या स्क्रीनवर सोडा, झालं. टॅबवर राइट क्लिक करून 'मूव्ह इंटू न्यू विंडो' केलंत तरी तेच. कंट्रोल+के, ओ मात्र कॉपी करतं, म्हणजे मूळ टॅब जागेवर राहतो. ओढूनही विंडो सुटत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'ड्रॅग टू ओपन विंडो' बंद आहे का बघा.

उत्तर २ (नल_पॉइंटर) : वर म्हटलंय ते बरोबर. फक्त फ्लोटिंग विंडो आणि पूर्ण नवी विंडो यात गल्लत करू नका. फ्लोटिंग विंडो मुख्य विंडोचंच एक्स्टेन्शन होस्ट (एक्स्टेन्शन चालवणारी प्रोसेस) वापरते. पूर्ण नव्या विंडोला स्वतःचं लागतं आणि लँग्वेज सर्व्हरही (कोड तपासणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू होतो. रॅम ८ जीबी असेल तर अशा चार विंडोंत मशीन रडायला लागतं.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. फ्लोटिंगमध्ये तीच फाइल दोन्हीकडे उघडी असेल तर बफर (मेमरीतली फाइलची प्रत) एकच असतो, एकीकडे टाइप केलेलं अक्षर लगेच दुसरीकडे दिसतं. पूर्ण वेगळ्या विंडोंत सेव्ह न केलेला बदल पलीकडे पोचत नाही. दोन्हीकडे बदल करून एकीकडे सेव्ह केलंत की दुसरीकडे सेव्ह करताना 'फाइलमधला मजकूर अधिक नवा आहे' अशा अर्थाची चूक येते. तिथे घाईत 'ओव्हरराइट' दाबू नका, आधी 'कम्पेअर'.

फाइल मॅनेजरमधून येणाऱ्या फाइलींसाठी 'ओपन फाइल्स इन न्यू विंडो' ही सेटिंग 'ऑन' करता येते. तुमच्या कामाला ती नको, सगळ्या फाइली पुन्हा सुट्याच उघडतील.

प्रश्नकर्ता : ओढून जमलं, लाल रेघही गेली. पण आता साइडबारमधून उघडलेली फाइल कधीकधी हेडरच्याच विंडोत जाते. आणि मुख्य विंडो बंद केली तर?

उत्तर ३ (सेमीकोलन) : फाइल शेवटच्या वापरलेल्या ग्रुपमध्ये (टॅबांच्या गटात) उघडते. हेडरवर क्लिक करून आलात की तोच शेवटचा ठरतो. त्या विंडोच्या टॅबपट्टीत उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'लॉक ग्रुप' करा.

मुख्य विंडोबरोबर फ्लोटिंगही बंद होतात. प्रोजेक्ट पुन्हा उघडला की परत येतात.

उत्तर ४ (नल_पॉइंटर) : साइडबारसकट दोन अख्ख्या विंडो हव्या असतील तर तोच फोल्डर पुन्हा उघडून उपयोग नाही, आधीचीच विंडो पुढे येते. फाइल मेनूत 'डुप्लिकेट वर्कस्पेस' आहे, ते वापरा. बफरचा इशारा तिथेही लागू.