मदत हवी आहे: फाटकाला बांधून सोडलेली कुत्री, भरलेला निवारा आणि घरात बोका

नमस्कार मंडळी,

रात्री कधीतरी आमच्या इमारतीच्या फाटकाला कुणीतरी एक कुत्री बांधून गेलं. सकाळी रखवालदाराने दाखवली. सध्या ती आमच्याकडे आहे. पुढे काय आणि कसं करायचं, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

दिसायला लॅब्रेडॉरसारखी, पण मिश्र जातीची असावी. डॉक्टरांनी दात बघून वय सहा ते आठच्या आसपास सांगितलं. गळ्याभोवतीचे केस झिजून पट्ट्याची गोल खूण पडली आहे. भटकी नक्कीच नाही. जेवणाचं भांडं पुढे ठेवलं तर तोंड घालत नाही, मागचे पाय दुमडून बसते आणि आपल्या हाताकडे टक लावून बघत राहते. सुरुवातीला आम्हाला वाटलं, आजारी असेल. मग माझ्या मुलीकडून सहज हाताची एक हालचाल झाली (कुठली ते इथे मुद्दाम लिहीत नाही) आणि तिने भांडं चाटूनपुसून रिकामं केलं. कुणीतरी रोज बसून, जीव लावून तिला हे शिकवलेलं आहे. तिला असं बांधून जाणं कुणाला कसं जमलं असेल, हे मला अजून उमगत नाही.

निवाऱ्यात लगेच फोन केला होता. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण जागा नाही हे स्पष्ट सांगितलं. नवीन आलेलं जनावर वेगळं ठेवायला कोपरासुद्धा शिल्लक नाही म्हणाले. 'काही आठवडे तुम्ही घरी सांभाळा, लसीकरण आणि चांगलं घर शोधणं यात आम्ही सोबत आहोत,' असं तिथल्या ताई म्हणाल्या. मी हो म्हटलंय.

आता अडचणी. घरात आमचा बोका आहे. त्याला आतल्या खोलीत ठेवलंय, कुत्री बाहेरच्या बाल्कनीत आणि हॉलमध्ये. हिच्याकडून त्याला काही रोग लागू शकतो का, आणि किती दिवस असं वेगळं ठेवायचं? दुसरं, मूळ मालकाचा शोध घ्यायचा का? घरच्यांचं मत, 'ज्याने टाकली त्याला शोधून करणार काय?' मलाही राग आहेच, पण मन तयार होत नाही. तिसरं, रात्री ती दाराशीच बसते. जिन्यात पाऊल वाजलं की उठते, कान टवकारते, पाऊल पुढे निघून गेलं की पुन्हा बसते. हे बघवत नाही. तिच्यासाठी काय करता येईल?

आणि सगळ्यात अवघड म्हणजे, आत्तापासूनच 'आम्ही नेतो' म्हणणारे भेटायला लागलेत. एकांना गोदामाच्या राखणीला हवी आहे, एकांना मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून. माणसं ओळखीची आहेत. नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? आणि हो म्हणायचं तर काय बघून?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं एका निवाऱ्यात काम करते, त्यामुळे थोडं हक्काने लिहिते.

पहिलं म्हणजे, जागा नाही असं सांगणारा निवारा प्रामाणिक असतो. लोकांना हा नकार निर्दय वाटतो, पण क्षमतेपेक्षा जास्त जनावरं कोंबली की रोग पसरतो आणि वाचवायला आणलेलीच दगावतात. पार्व्होचंच बघा, कुत्र्यांना उलट्या-जुलाब होणारा जीवघेणा आजार. १९७८ मध्ये हा आजार ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. याचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, चपलांच्या तळव्यांना लागून महिनोन्महिने टिकतो. हाताला लावायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. जागा आधी साबणाने धुवायची, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी बत्तीस भाग असं करून किमान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. तुम्हीही बाल्कनीसाठी हेच करा, फक्त कुत्री आणि बोका दोघंही तेव्हा तिथे नकोत.

बोक्याला किमान दोन आठवडे पूर्ण वेगळा ठेवा. भांडी, अंथरुणं वेगळी, आणि आधी बोक्याचं काम उरकून मग कुत्रीकडे जायचं, उलट नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर (हाही विषाणूमुळे होणारा गंभीर आजार) घरच्या मांजरांना सहसा त्रास देत नाही. पार्व्होचे नंतर आलेले काही प्रकार मांजरांना लागू शकतात, पण बोक्याच्या नेहमीच्या लसी वेळेवर झालेल्या असतील तर त्याला चांगलं संरक्षण असतं. पिसवा आणि गजकर्ण मात्र दोघांमध्ये आरामात फिरतात. त्या खोलीत बोका जेवतोय ना, याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. कुत्रं एखादा दिवस उपाशी राहिलं तर चालून जातं, मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतावर चरबी चढून जिवावर बेततं.

मालकाचा शोध जरूर घ्या. बांधणारा माणूस मालकच असेल असं नाही. हरवलेलं कुत्रं कुणाला तरी सापडतं, चार दिवस सांभाळतात, झेपेनासं होतं आणि ते बांधून निघून जातात. चोरीचीही शक्यता असते. म्हणून आधी चिप, म्हणजे जनावराची ओळख पटवणारी छोटी नळी, आहे का ते तपासून घ्या. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात, आणि स्कॅनरवर बहुतेक वेळा १५ अंकी क्रमांक येतो. चिपमुळे जनावर कुठे आहे ते कळतं, हा गैरसमज फार आहे; तिला बॅटरी नसते आणि ती ठिकाण सांगत नाही. कधीकधी ती सरकून खांद्यावर किंवा पायाकडे जाते, तेव्हा स्कॅनर सावकाश अंगभर फिरवायला सांगा.

'सापडली आहे' अशी सूचना लावताना फोटो एकाच बाजूचा द्या. हाताचा इशारा जाहीर केला नाहीत हे फार बरं केलंत. कुणी मालकी सांगत आलं तर भांडं पुढे ठेवा आणि तिला जेवायला घालायला सांगा.

प्रतिसाद २

प्राण्यांचा डॉक्टर आहे. वरच्या ताईंनी बरंचसं लिहिलंय, दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

आधी लस झाली असेल-नसेल, कागद नाही म्हणजे झालेली नाही असंच धरून चाला. रेबीजसकट सगळं नव्याने. ती कितीही गरीब असो, घाबरलेलं जनावर चावू शकतं. दात लागला, ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. इंजेक्शनं तिथे लगेच सुरू होतात. कुत्री दहा दिवस नजरेखाली राहील हे बघा, ती तेवढे दिवस ठणठणीत राहिली तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही हे काम पुढेही करणार असाल तर चावण्याआधीच घेण्याची रेबीजची लस घरच्यांनी घेऊन ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे निरोगी माणसाला ० आणि ७ व्या दिवशी अशा दोन फेऱ्या पुरतात.

नसबंदी झाली आहे का ते पोटावरची जुनी खूण बघून कळू शकतं, खात्रीसाठी सोनोग्राफी. झालेली नसेल तर दोन शक्यता डोक्यात ठेवा. एक, ती गाभण असू शकते, कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात. दुसरी जास्त काळजीची. या वयाच्या, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो, बहुतेकदा माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी. पाणी खूप पिते, मलूल पडते, शेपटीखाली स्राव दिसतो, कधी तोही दिसत नाही. अशा वेळी उद्या बघू म्हणू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.

गोचिडी निघाल्या असतील तर रक्त तपासा. गोचिडीतून येणारा ताप चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो, त्यामुळे आज ती छान दिसते एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

प्रतिसाद ३

थोडं वेगळं मत मांडते. जितके दिवस ठेवाल तितका तिला तुमचा लळा लागेल आणि दुसऱ्यांदा ताटातूट होईल. बरे लोक मिळत असतील तर लवकर देऊन टाका. वाढदिवसाला मागणारे ओळखीचेच आहेत ना?

प्रतिसाद १

तुमची काळजी समजते, पण हे मला अजिबात पटत नाही. लळा लागणं हे नुकसान नाही. ज्या कुत्रीचा माणसावर पुन्हा विश्वास बसलाय ती पुढच्या घरातही लवकर रुळते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमधल्या २०७ कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक-दोन रात्री कुणाच्या घरी राहिल्यावर त्यांच्यातला ताण दाखवणारं कॉर्टिसॉल उतरलं. निवाऱ्यात परतल्यावर ते पुन्हा आधीच्या पातळीवर आलं, आधीपेक्षा वर चढलं नाही. म्हणजे घरपण देऊन परत आणल्याने ती जास्त खचली असं दिसलं नाही.

घाईने दिलेली जनावरं परत येतात, हे मी डोळ्यांनी बघते. आमच्यात एक ठोकताळा आहे: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस भेदरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, तीन महिन्यांत खरा स्वभाव बाहेर येतो. आकडे पक्के नाहीत, एखाद्याला वर्ष लागतं. पण आज शांत बसलेली ही कुत्री खरंच शांत आहे की दबून आहे, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. तुम्हालाच माहीत नसेल तर नेणाऱ्याला काय सांगणार?

दाराशी बसते तर तिथून उठवू नका. अंथरूण तिथेच टाका, म्हणजे निदान गार फरशीवर नको. तुम्हीही थोडा वेळ जवळ बसा, वाचत, काम करत, तिला हाक न मारता. जेवण आणि फिरणं रोज ठरलेल्या वेळी. पुढे काय होणार हे कळायला लागलं की तिची तगमग उतरेल. आणि फिरवताना दोन पट्टे, एक गळ्याचा, एक छातीचा, दोन्ही हातात. सुरुवातीच्या दिवसांत निसटून पळालेलं कुत्रं अनोळखी भागात सापडणं महाकठीण.

आता नाही म्हणण्याबद्दल. माणसाला नाही म्हणू नका, जागेला म्हणा. 'ही घरात, माणसांच्या पायाशी वाढलेली आहे, गोदामात एकटी झुरेल' हे खरंच आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. वाढदिवसवाल्यांना सांगा की आई-वडिलांना स्वतःला कुत्री हवी असेल तर आनंदाने या, सगळं घर एकत्र या. मुलासाठी आणलेल्या कुत्र्याचं सगळं शेवटी मोठ्यांनाच करावं लागतं. त्यांना ते नकोच असेल तर वर्षभरात ती पुन्हा कुणाच्या तरी फाटकाशी.

विचारताना हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारू नका. 'वेळ देऊ शकाल का?' यावर सगळेच हो म्हणतात. 'तुमच्याकडे नेहमीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत ती कुठे असेल, ते सांगा' असं म्हणा आणि गप्प बसा. आधी पाळलेलं जनावर असेल तर त्याचं काय झालं, ते विचारा. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी. बदली झाली, बाळ झालं, ती आजारी पडली तर काय करणार? 'अजून विचार केला नाही, पण परत आणून देऊ' म्हणणारा मला 'छे, आम्ही कधीच सोडणार नाही' म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. बरंच काही घडलंय, म्हणून लिहिते.

चिप सापडली नाही. सूचना लावली, मालकी सांगणारे एक गृहस्थ येऊनही गेले. त्यांच्यासमोर भांडं ठेवलं. ते 'खा, खा' करत राहिले, ती मान फिरवून बसली. थोड्या वेळाने तेच म्हणाले की आमची नाही वाटत, आमची जरा लहान होती. त्यांचीही कुत्री हरवलेली आहे, तिचा फोटो निवाऱ्याला पाठवला.

पोटावर नसबंदीची जुनी खूण मिळाली, सोनोग्राफीतही तसंच आलं. रक्तात गोचिडीचा ताप निघाला, औषध चालू आहे. डॉक्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ती तपासणी पुढे ढकलली असती.

बोका दाराखालून फिस्कारतो, पण व्यवस्थित जेवतो. वेगळं ठेवायचे दिवस संपल्यावर दोघांची अंथरुणं अदलाबदल करून बघणार आहे. आणखी काय करू?

निवाऱ्याच्या ताईंनी दोन घरं सुचवली आहेत. एक निवृत्त जोडपं, आधीचं कुत्रं म्हातारं होऊन गेलं, दोघंही दिवसभर घरी. दुसऱ्या घरी चार वर्षांचा मुलगा आणि एक तरुण कुत्रा, माणसं फार प्रेमळ. मला ठरवता येत नाहीये.

प्रतिसाद १

अंथरुणांनंतर मध्ये जाळी किंवा किंचित उघडं दार, दोघांची भांडी दोन्ही बाजूंना लांब ठेवून. मग ती पट्ट्यात आणि बोक्याला चढून बसायला उंच जागा. तिची नजर त्याच्यावर खिळली आणि अंग ताठ झालं तर तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोघांना एकटं सोडायचं नाही. हे सगळं टिपूनही ठेवा. 'मांजरासोबत राहते' असं खात्रीने सांगता आलं तर तिच्यासाठी घरांचा पर्याय वाढतो.

घर तिलाच निवडू द्या, म्हणजे दोन्ही कुटुंबांना भेटायला बोलवा, वेगवेगळ्या दिवशी. दुसऱ्या घरच्या कुत्र्याशी पहिली भेट बाहेर, दोघांच्याही ओळखीच्या नसलेल्या जागी, आधी समांतर चालवत. माझा कल जोडप्याकडे आहे, कारण औषध चालू असताना तिला विसावा हवा आणि चार वर्षांच्या मुलाला तिचं शेपूट ओढू नये हे रोज सांगावं लागतं. पण जोडप्याला एक प्रश्न नक्की विचारा: त्यांच्यापैकी कुणी आजारी पडलं तर कुत्रीकडे कोण बघणार? त्या माणसाशी प्रत्यक्ष बोला.

देताना महिनाभराचा चाचणीचा काळ ठेवा, जमलं नाही तर ती तुमच्याकडे किंवा निवाऱ्यातच परत येईल, परस्पर दुसऱ्याला द्यायची नाही, हे कागदावर दोघांच्या सह्यांनी घ्या. औषधाची वेळ, लसीच्या तारखा, जेवणाचा इशारा, कशाला घाबरते, सगळं एका कागदावर. नव्या घरी पहिल्या दिवशी आंघोळ नको, पाहुणे नकोत.

धागाकर्ती

जोडपं रविवारी येतंय. त्यांची पुतणी जवळच राहते, तिलाही सोबत बोलावलंय. चाचणीच्या काळाचा करार कुणी केला असेल तर नावं-पत्ते काढून मजकूर इथे डकवाल का? परस्पर देऊ नये ही अट नेमकी कशी लिहायची, तेवढंच अडलंय.