‘मेंदूमृत रुग्ण’ म्हणावं का?

खानापूरहून :
आमच्या भावकीतला एक तरुण पोरगा चोर्ला घाटात गाडी घसरून पडला. डोक्याला जबर मार होता. बेळगावच्या एका दवाखान्यात तो अतिदक्षता विभागात होता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ‘पेशंट ब्रेन डेड आहे.’ पाठोपाठ अवयवदानाचं विचारलं. त्याची आई म्हणाली, ‘छाती हलायल्या की अजून, मग गेला कसं म्हणायलासा?’ आम्हा दहा-बारा जणांपैकी एकालाही तिला उत्तर देता आलं नाही. पुढं मराठी पेपरात छापून आलं, ‘मेंदूमृत रुग्णाचे अवयवदान’. मृत असेल तर रुग्ण कसा? आणि रुग्ण असेल तर त्याचं हृदय कसं काढतात? यासाठी मराठीत काय म्हणावं, जाणकारांनी सांगावं.

निपाणीहून (निवृत्त मराठी शिक्षक) :
त्या माउलीची भाषा चुकलेली नाही. मरणाचे आपले सगळे जुने शब्द श्वास आणि काळीज यांच्याभोवतीचे आहेत. श्वास सोडला, प्राण गेले, अजून धुगधुगी आहे. जुनी माणसं नाकाशी कापूस धरून बघायची. व्हेंटिलेटर येण्याआधी मेंदू, श्वास आणि हृदय काही मिनिटांच्या अंतरानं थांबायचे, म्हणून एकच ‘गेला’ तिन्हींना पुरायचा. यंत्रानं ही तिन्ही वेगळी केली आणि आपली बोली मागं राहिली.

एक गोष्ट मात्र लपवू नये. डिसेंबर 1967 मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी ते केलं, रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या समितीनं मेंदूवरून मृत्यू ठरवण्याचे निकष मांडले. त्यात दोन कारणं स्पष्ट लिहिली होती : अशा रुग्णांचा घरच्यांवर आणि दवाखान्यांवर पडणारा भार, आणि जुन्या व्याख्येमुळे अवयव मिळवताना होणारे वाद. म्हणून ‘अवयव हवेत म्हणून व्याख्या बदलली का?’ असं कुणी विचारलं तर त्याला अडाणी ठरवू नये. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर वैद्यकीय पुराव्यानंच द्यायला हवं.

बेळगावहून (अतिदक्षता विभागातील परिचारिका) :
गुरुजी, तो पुरावा मी रोजच्या कामात बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंदूच्या तळाशी, मानेकडे उतरणारा देठासारखा भाग असतो. श्वास घ्यायचा हुकूम तिथून सुटतो. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात या देठाचं काम कायमचं आणि परत न येण्यासारखं थांबणं म्हणजे मृत्यू, असं धरलं आहे. हृदयाला स्वतःची ठिणगी असते. प्राणवायू मिळतोय तोवर ते मेंदूशिवायही काही काळ चालतं. छाती हलते ती यंत्र हवा ढकलतं म्हणून. त्या आईला हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं.

तपासणी अशी होते. डोळ्यांत उजेड टाकला तर बाहुली आकसते का, बुबुळाला कापूस लावला तर पापणी मिटते का, घशात नळी हलवली तर ठसका येतो का, कानात बर्फाचं पाणी सोडलं तर डोळे सरकतात का. सगळ्यात शेवटी श्वासाची परीक्षा : प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला करतात आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमी पाऱ्याच्या वर जाऊ देतात. इतका साठला की जिवंत देठ श्वास घेतल्याशिवाय राहूच शकत नाही. आम्ही उघड्या छातीकडे एकटक बघत उभ्या असतो. पोटाची, बरगडीची एक जरी हालचाल दिसली तरी परीक्षा तिथंच थांबते, तो माणूस जिवंत. चार डॉक्टर सही करतात, त्यांतला एकही प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी नसतो. आणि किमान 6 तासांनी हे सगळं पुन्हा करतात.

आपल्या भागातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘मेला म्हणून सांगितलेला उठून बसला’ अशा कथा उसाच्या पट्ट्यात खूप ऐकायला मिळतात, आणि त्या सगळ्याच खोट्या नसतात. मण्यार चावली की कधीकधी बाहुल्यासुद्धा हलत नाहीत, श्वास बंद पडतो, माणूस अगदी मेंदू गेल्यासारखा दिसतो. पण मेंदू शाबूत असतो आणि श्वास यंत्रावर सांभाळला तर तो घरी चालत जातो. म्हणून विष, झोपेची औषधं, अंग थंड पडणं या शक्यता आधी निकालात काढल्याशिवाय तपासणी सुरूच करता येत नाही. घरच्यांनी ‘विषाची शंका तपासली का?’ असं बेधडक विचारावं. आम्हाला राग येत नाही.

आणखी एक. कधी मेंदूमृत्यूनंतरही हात उचलला जातो. तो पाठीच्या मज्जारज्जूचा झटका असतो. हे आधी सांगितलं नाही तर तो हात बघून घरच्यांचं काळीज फाटतं.

कोमा हा शब्द इथं वापरू नका, ही माझी सगळ्यांना विनंती. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधल्या हल्ल्यानंतर 2015 मध्ये वारल्या तोवर तिथंच होत्या. त्या मूळच्या उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या. पेपरवाले ‘42 वर्षं कोमात’ लिहीत, पण त्या स्वतःचा श्वास स्वतः घ्यायच्या, डोळे उघडायच्या. सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या निकालात त्या मेंदूमृत नाहीत असं स्पष्ट म्हटलं आहे. कोमा, डोळे उघडे पण भान नाही अशी अवस्था आणि मेंदूमृत्यू, या तीन अवस्थांना एकच शब्द लावला की घरच्यांना वाटतं, तीही इतकी वर्षं जगली, मग आमचा का नाही?

हुक्केरीहून :
माझं शिक्षण कन्नड माध्यमात, घरी मराठी. कन्नड पेपरात ‘मेदुळु निष्क्रिय’ लिहितात, मेदुळु म्हणजे मेंदू. निष्क्रिय शब्द मराठीतही आहे, त्यामुळं सगळ्यांना कळतो आणि तिथंच घोटाळा होतो. निष्क्रिय खातं असतं, ते पुन्हा सुरू करता येतं. ‘निष्क्रिय झालाय’ ऐकलं की माझे काका म्हणायचे, बघू, दोन दिवसांत होईल सक्रिय.

दुसरा शब्द ‘अंगांग दान’. कन्नडमध्ये अंगांग म्हणजे अवयव, साधा रोजचा शब्द. आपल्या कानाला मात्र अंगांग म्हणजे सगळं शरीर, अंगांगात ताप भिनला तसं. दवाखान्यात ‘अंगांग दान करता का?’ विचारलं तर आमच्याकडच्या बायकांना वाटतं, तुकडे करून परत देणार.

शिवाय देहदानाचीही यात गल्लत होते. बैलहोंगलचे डॉ. रामण्णवर यांनी देहदान केलं होतं आणि 2010 मध्ये त्यांच्याच डॉक्टर मुलानं बेळगावात विद्यार्थ्यांसमोर त्या देहाचं विच्छेदन केलं. ते मृत्यूनंतर शिकवण्यासाठी दिलेलं शरीर. अवयवदानात शरीर शिवून घरच्यांना परत मिळतं, अंत्यविधी नेहमीसारखा होतो. दफन असो की दहन.

खानापूरहून :
सगळ्यांचे आभार. सिस्टर, दोन गोष्टी राहिल्यात. त्या पोराच्या घरी वाद झाला की तिथी कोणती धरायची? डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस की ऑपरेशन थिएटरमध्ये हृदय काढलं तो? मध्ये रात्रीचे बारा वाजून गेले होते. आणि दुसरी : शेजारच्या खाटेवरच्या माणसाचंही ब्रेन डेडच म्हणाले होते. त्याच्या घरच्यांनी नकार दिला, तर त्याचं यंत्र चालूच ठेवलं. आमचा मेला आणि तो जिवंत, हे कसं?

बेळगावहून :
दादा, तुमचा दुसरा प्रश्न या सगळ्यातला सगळ्यात मोठा आहे. मेंदूवरून मृत्यू ठरवायची रीत आपल्याकडं प्रत्यारोपणाच्या कायद्यात आली. जन्ममृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा मात्र ‘जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी होणं’ एवढंच म्हणतो, मेंदूचं नाव घेत नाही. त्यामुळं दान नको म्हटल्यावर यंत्र काढायला डॉक्टर कचरतात. होकार दिला तर मृत, नकार दिला तर रुग्ण, असा अर्थ निघतो आणि तो मला मान्य नाही. मरण हे घरच्यांच्या सहीवर अवलंबून असू नये. केरळ सरकारनं 2020 मध्ये दान असो वा नसो, मेंदूमृत्यूचं प्रमाणपत्र कसं द्यायचं ते ठरवून दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 आणि 2023 च्या आदेशांनुसार कर्नाटकानं जानेवारी 2025 मध्ये निष्फळ जीवनरक्षक उपचार थांबवण्याचं परिपत्रक काढलं. दवाखान्यात त्याविषयी विचारा.

बाहेरही यावर एकमत नाही. जपाननं 1997 च्या कायद्यात, त्या माणसानं आधी लिहून दिलं असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तरच मेंदूमृत्यू धरायचा असं ठरवलं, 2009 मध्ये ते सैल केलं. अमेरिकेत जाही मॅकमॅथ या मुलीची मृत्यूची दोन प्रमाणपत्रं आहेत : कॅलिफोर्नियाचं डिसेंबर 2013 चं आणि न्यू जर्सीचं जून 2018 चं. न्यू जर्सीत धर्माच्या कारणावरून मेंदूमृत्यू नाकारता येतो.

तिथीचं सांगते. मृत्यूची वेळ म्हणजे दुसरी तपासणी पूर्ण होऊन मृत्यू जाहीर झाला ती. हृदय काढल्याची नव्हे, कारण काढताना तो पोरगा आधीच गेलेला होता. घरच्यांना हे पटवून द्या, नाहीतर ‘आपण सही करून पोराला मारलं’ ही खंत आईच्या मनात जन्मभर राहील.

गुरुजी, शब्द तुम्हीच ठरवा.

निपाणीहून :
‘मेंदूमृत्यू’ हे नाम ठेवावं, ‘मेंदूमृत’ हे विशेषण रुग्णाला चिकटवू नये. बातमी अशी हवी : ‘मेंदूमृत्यू झालेल्या तरुणाचे अवयवदान’. ‘मेंदूमृत रुग्णाचा अखेर मृत्यू’ असं कुठं छापलं तर संपादकांना पत्र लिहावं, मी लिहितो. ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’ (मेंदूच्या देठाचा मृत्यू) कागदावर ठीक, पण बाहेर बाकावर बसलेल्या आईला तो शब्द परका. तिला आधी फक्त ‘तुमचा मुलगा गेला, बाई’ एवढंच सांगावं. छाती का हलते ते मग. दानाचं विचारायचं ते त्यानंतर, आणि शक्यतो दुसऱ्या माणसानं. 2011 च्या दुरुस्तीनं नोंदणीकृत दवाखान्यांना प्रत्यारोपण समन्वयक नेमणं बंधनकारक केलं आहे, हे काम त्यांचं. सीमाभागातल्या समन्वयकाला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलता यावी, एवढी मागणी आपण लेखी करू शकतो. मसुदा मी करतो, खानापूर आणि हुक्केरीकरांनी सह्या गोळा कराव्यात.

हुक्केरीहून :
गुरुजी, कन्नडमधला मसुदा माझ्याकडं. ‘मेदुळु निष्क्रिय’च्या जागी ‘मेदुळु सावु’ लिहितो. सावु म्हणजे मरण, चिकोडीपासून खानापूरपर्यंत मराठी माणसालाही तो शब्द समजतो.