चौकोनी पाइपला एका बाजूनेच बोल्ट लावायचा असेल तर

पणजीच्या मिरामार किनाऱ्याजवळच्या गच्चीवरील शेडसाठी १०० × १०० मिमीच्या पाइपला ब्रॅकेट जोडायचा आहे, आतून नट धरता येत नाही, तर रिव्हनट (बाहेरूनच भोकात दाबून बसवायचा आटेवाला नट) चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पन्हळी, केबल ट्रे यांसाठी चालेल. पण वारा छपराला वर उचलतो तिथे रिव्हनटच्या भरवशावर मी तरी झोपणार नाही.

अशा कामाला होलो-बोल्टसारखा आत फाकणारा बोल्ट घ्या. त्याचं भोक मोठं लागतं: एम१२ ला (१२ मिमी जाडीच्या बोल्टला) २० मिमी, एम१६ ला २६. त्यामुळे कडेपासूनचं अंतर आधी कागदावर मांडा. एम१२ ला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, ८० न्यूटन-मीटर. कॉलर (बोल्टच्या डोक्याखालची, पाइपबाहेर राहणारी कडी) दुसऱ्या पान्याने धरून ठेवायची, नाहीतर बोल्ट नुसताच गरगरतो. आमच्या फिटरने पहिले दोन असेच वाया घालवले होते.

बोल्टची ताकद सगळे बघतात, पाइपची भिंत कुणी बघत नाही. ३ मिमीच्या भिंतीवर ओढ आली की बोल्ट शाबूत राहतो आणि पत्राच बाहेर फुगतो. म्हणून भिंतीची जाडी डिझाइनरला आधी सांगा. आरपार बोल्ट टाकायचा तर आत नळी वेल्ड करा, नाहीतर आवळताना पाइप चेपतो.

आणि समुद्र एवढा जवळ! झिंक प्लेटिंगवर जाऊ नका. ३१६ स्टेनलेस किंवा हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) बोल्ट घ्या. भोक पाडल्यावर उघडं पडलेलं लोखंड झिंक पेंटने झाका, कॉलरखाली सीलंट भरा. पावसाचं पाणी पाइपमध्ये शिरलं तर गंज आतून लागतो, बाहेरून कळतही नाही.