अँजिओव्हॅक: ओढून घेतलेले रक्त जाते कुठे?

शिरेतली किंवा हृदयातली रक्ताची गुठळी शोषताना रुग्णाचे रक्तही वाया जात असणार, अशी शंका कुणी घेतली तर ती सिरिंजने ओढण्याच्या साध्या कॅथेटरबाबत (शरीरात सरकवायच्या नळीबाबत) रास्त आहे. अँजिओव्हॅक या गुठळी शोषून काढणाऱ्या उपकरणाची रचना मात्र नेमकी हीच अडचण टाळण्यासाठी केलेली आहे. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून आत सरकवलेल्या नळीचे टोक नरसाळ्यासारखे उमलते. शरीराबाहेरचा पंप त्या वाटेने रक्त आणि गुठळी दोन्ही ओढतो, गुठळी गाळणीत अडकते आणि गाळलेले रक्त दुसऱ्या शिरेतून शरीरात परत जाते. रक्ताच्या या बाहेरून फिरण्यालाही ‘बायपास’ म्हणतात, पण तो शब्द वाचून हृदय थांबवून केलेली शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर आणू नये. येथे हृदय आणि फुप्फुसे आपापले काम करतच असतात.

नळी २२ फ्रेंच (फ्रेंच हे अशा नळ्यांची जाडी मोजण्याचे एकक), म्हणजे सुमारे ७.३ मिलिमीटर जाडीची असते. म्हणूनच हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात डोलणारी मोठी, मऊ गुठळी तिच्यात ओढली जाऊ शकते. पण याच जाडीमुळे ती फुप्फुसाच्या धमनीपर्यंत वळवत नेणे अवघड जाते. पंपाचा प्रवाह एकाएकी घटला, तर नरसाळ्याच्या तोंडाशी काहीतरी अडकले आहे असे समजावे, आणि क्षणभराने तोच तुकडा गाळणीत दिसू शकतो. जुनी, भिंतीला घट्ट चिकटलेली गुठळी मात्र अशी सुटत नाही. शिवाय हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध द्यावेच लागते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका पूर्णपणे टळतो असे म्हणणे मला पटत नाही.