बदकांसाठी बारा बोअर: बंदूक कोणती, काडतूस कितवं? मदत हवी आहे, जरा घाई आहे

कुळागरवाला
नमस्कार मंडळी. बदकांच्या शिकारीसाठी बंदूक आणि काडतुसं ठरवायची आहेत. घरी बाबांची दुनळी आहे, बारा बोअर, नळ्या शेजारी-शेजारी. ती चालेल की दुसरी बघू? काडतूस ४ नंबर घ्यावं की ६? डुकरं मळ्यात उतरतात म्हणून बाबांनी आणलेली थोडी एलजी (मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं) शिल्लक आहेत, ती बदकांना कामाची नाहीत एवढं मलाही कळतं. चोक, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं, कोणता हवा तेही सांगा. तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली. पंधरा दिवसांत ठरवायचं आहे, कृपया थेट उत्तर द्या.

पाणपक्षी
थेट उत्तर: कोणतीही नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही शिकार करता येत असे, १९९१ च्या दुरुस्तीनंतर तेही बंद झालं. अडई, हळदीकुंकू बदक किंवा हिवाळ्यात उत्तरेकडून येणारं तलवार बदक, एकालाही हात लावता येत नाही. मी हिवाळ्यात पहाटे करमळीच्या तळ्यावर उभी असते. धुकं असतं, काही दिसत नाही, आणि आधी अडईची शीळ ऐकू येते. मग एकदम पन्नास-साठ पक्षी डोक्यावरून जातात. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, गोव्यातलं ते पहिलं. इतक्या कष्टाने राखलेल्या पाण्यावर कुणी बंदूक घेऊन यायची भाषा केली की संताप येतो.

सत्तरीचा_पूत
ताई, त्यांनी करमळीचं नाव तरी घेतलंय का? भाऊ, बाबांचीच बंदूक वापर. खांद्याला सवयीची असलेली बंदूक सगळ्यात चांगली. आमचे आजोबा पोर्तुगिजांच्या काळात ६ नंबरने खाजनातली (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातली) बदकं मारत. दुसरं काडतूस त्यांनी आणलंच नाही.

कुळागरवाला
अहो ताई, गोव्यात नाही! मेव्हणा कॅनडात असतो, मॅनिटोबात. सप्टेंबरअखेर आम्ही त्याच्याकडे जातोय. तो दरवर्षी रीतसर परवाना काढून बदकांना जातो, या वेळी मलाही घेऊन जाणार आहे. हे आधी लिहायला हवं होतं, चूक माझी. आता बंदुकीचं सांगा.

पाणपक्षी
मग माझा राग मागे घेते. पण तिकडेही पक्षी ओळखायला शिकूनच जा. कोणत्या जातीची किती मारायची याची तिथे मर्यादा असते, आणि उडत्या थव्यात मादी कोणत्या जातीची हे ओळखणं सोपं नसतं.

जुना_नेमबाज
कॅनडा असेल तर ४ की ६ हा प्रश्नच बाद. तिथे स्थलांतरित पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, १९९९ पासून देशभर बंदी आहे. अमेरिकेत १९९१ पासून. बदकं दाणे दळायला तळ्याच्या तळातले खडे गिळतात, खड्यांबरोबर पडलेले छर्रेही जातात. ते पेषणीत घासले जातात, शिसं रक्तात उतरतं आणि पक्षी हळूहळू झुरून मरतो. म्हणून पोलादी छर्रे वापरावे लागतात, आणि तिथेच बाबांच्या बंदुकीची अडचण येते.
आधी एवढं सांगा: नळीच्या तळाशी, कुंद्याजवळ, काय कोरलंय? नळीवर लाटांसारखी नक्षी आहे का? मेव्हण्याकडे कोणत्या बंदुका आहेत? आणि तुम्ही उजवे की डावे?

सत्तरीचा_पूत
नक्षी असली तर उलट चांगली, जुनं विलायती काम. हल्लीच्या नळ्यांत तो जीव नाही.

जुना_नेमबाज
नक्षीची नळी म्हणजे लोखंडाचे पट्टे पिळून, वळवून जोडलेली नळी. ती काळ्या दारूसाठी बनायची. दिसायला सुंदर असते, मान्य. पण आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेलच असं नाही, आणि तिच्या मऊ लोखंडाला पोलाद खरवडतं. फुटली तर डाव्या हाताची बोटं जातील.

मिरामारचा_वारा
विषय थोडा वेगळा, पण बदक आणाल तेव्हा त्याची शागोती करा. रानातल्या बदकाचं मांस कोंबडीपेक्षा गडद आणि चिवट असतं. आदल्या रात्री आलं-लसूण, हळद आणि थोडा विनेगर लावून ठेवा. खसखस आणि खोबरं खरपूस भाजून घ्या. छर्रे मात्र बोटाने चाचपून काढा, पोलादी छर्ऱ्यावर दाढ तुटते.

वायंगण_शेतकरी
मला वेगळंच विचारायचंय. "बाबांची बंदूक" म्हणता, परवाना कुणाच्या नावावर आहे? बाबा आहेत ना?

कुळागरवाला
बाबा गेल्या चतुर्थीनंतर गेले. बंदूक त्यांच्या कपाटात तशीच आहे, मी अजून हात लावलेला नाही. परवान्याचा आणि कॅनडाचा काय संबंध?

वायंगण_शेतकरी
कॅनडाचा संबंध नाही, तुमचा आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. तो माणूस गेला की घरात ठेवलेली बंदूक विनापरवाना ठरते. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. नंतर वारस म्हणून तुमच्या नावावर परवाना मागता येतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे. माझे वडील गेले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नाही. सात महिन्यांनी एका कार्यालयात गेलो, तर टेबलावरच्या माणसाने मला गुन्हेगारासारखं उभं केलं. आई बाहेर बाकावर बसून रडत होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितोय. उद्याच जा.

सत्तरीचा_पूत
जमा करायची म्हटली की माझं डोकं फिरतं. निवडणूक आली की आमच्या बंदुका ठाण्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत डुकरं वायंगणाच्या शेतात. दोन रात्री डबे बडवून राखण केलीय मी. तरी पण इथे वायंगणबाब बरोबर आहेत, जमा कर.

कुळागरवाला
आज भावाला घेऊन कपाट उघडलं. विजेरीने पाहिलं तर नळीच्या तळाशी २ १/२ कोरलंय, आणि पुसल्यावर लाटांची नक्षी स्पष्ट दिसली. मी इतकी वर्षं तो गंज समजत होतो. तिथूनच फोन करून सगळं विचारलं, दुपारी ठाण्यात जमा केली. पावती हातात आहे.
मेव्हण्याकडे रेमिंग्टन ८७० पंप आणि एक अर्ध-स्वयंचलित आहे. तो म्हणतो बंदुकीचा परवाना त्याचा, तो शेजारी उभा असेल आणि मी त्याच्या देखरेखीखाली वापरायची, तिथे असं चालतं. मी उजवा आहे. आता काडतूस?

जुना_नेमबाज
जमा केलीत, फार बरं केलंत. २ १/२ म्हणजे अडीच इंची चेंबर, काडतूस बसतं ती जागा. गंमत अशी की पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतंही, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असल्याने ते आखूड असतं. उडवल्यावर तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब भलताच वाढतो. बाहेरून काहीच कळत नाही.

आता तुमचं उत्तर. ८७० साधी आणि भक्कम, १९५० पासूनची बंदूक, चिखलात पडली तरी चालते. पण दर वेळी बार काढल्यावर हाताने पंप मारावा लागतो, नवख्या माणसाचा नेम तिथे हलतो. मी तुमच्या जागी असतो तर अर्ध-स्वयंचलित घेतली असती, खांद्याला धक्काही कमी बसतो. कोणतीही घ्या, आत एकूण तीनच काडतुसं भरता येतात, तिथला नियम आहे.

काडतूस तीन इंची, पोलादी, २ नंबर. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, वेग लवकर गमावतं, म्हणून शिशाला जो नंबर वापरला असता त्याहून दोन नंबर जाड छर्रा घ्यायचा (नंबर जितका लहान, तितका छर्रा जाड). शिशाच्या ४ च्या जागी पोलादी २. आणि नंबर अमेरिकन मोजणीचे आहेत, इंग्रजी मोजणीतल्या त्याच नंबरापेक्षा छर्रा थोडा जाड असतो.

चोक मॉडिफाइड (मध्यम आवळलेला) किंवा त्याहून मोकळा. पोलादी छर्रे दबत नाहीत, घट्ट राहतात. फुल चोकमधून जाड पोलाद मारू नका.

सत्तरीचा_पूत
मग ६ नंबर अगदीच नाही?

जुना_नेमबाज
पोलादात नाही, दादा. पिसं उडतात आणि पक्षी जखमी होऊन वेतात जाऊन पडतो. आजोबांचं ६ नंबर शिशाचं होतं.

पाणपक्षी
जखमी पक्षी शोधूनच काढायचा, सोडून यायचं नाही, एवढी माझी विनंती आहे.

कुळागरवाला
नक्की, ताई. शेवटचं एक: बंदूक मेव्हण्याची, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. जाड कोट घालून ती खांद्याला बसेल का?

जुना_नेमबाज
हा खरा प्रश्न विचारलात. त्याचा कुंदा तुम्हाला लांब पडेल आणि कोटाला अडकेल. पोचल्यावर पहिल्याच दिवशी तोच कोट, तेच हातमोजे घालून, रिकाम्या बंदुकीने पन्नास वेळा खांद्याला लावून बघा. अडकली तर मागचं रबर पातळ बसवायला सांगा. मग ३५ मीटरवर मोठा कागद लावून एक बार काढा. जिथे छर्रे दाट पडलेत तिथे ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यातल्या खुणा मोजा. मातीच्या तबकड्यांवर शंभरेक बार झाले तर उत्तम. आणि तळ्यावर बसाल तेव्हा आमिष म्हणून पाण्यावर सोडतात त्या लाकडी बदकांतलं सगळ्यात लांबचं तीस पावलांवर ठेवा. त्याच्या पलीकडे जे उडेल ते जाऊ द्या.