कर वेगळा, किमान किंमत वेगळी
दारूची ‘किमान किंमत म्हणजे सरकारने गल्ला भरणं’ असं काहीजण म्हणतात, पण ते स्कॉटलंडला लागू होत नाही. तिथे 2018 मध्ये लागू झालेला किमान किमतीचा कायदा म्हणजे कर नाहीच. वाढीव पैसे बहुतेक करून दुकानदारालाच मिळतात (मला तरी हीच त्यातली खोट वाटते). दर शुद्ध अल्कोहोलवर ठरतो: 10 मिलीला तेव्हा 50 पेन्स, सप्टेंबर 2024 पासून 65. साडेसात टक्के अल्कोहोलची तीन लिटर सायडर (सफरचंदाची दारू) त्यामुळे 50 पेन्सच्या दराने सव्वाअकरा पौंडांच्या खाली विकताच येईना.

आपल्याकडे महाराष्ट्रात जून 2025 मध्ये 180 मिलीचे किमान दर बांधले ते प्रकारावर: देशी 80 रुपये, भारतात बनलेली विदेशी 205. आमच्या कोथरूडच्या कोपऱ्यावर रोज क्वार्टर घेणारे एक काका तेव्हा नोटा दोनदा मोजून परत खिशात घालताना दिसले. आठवड्याभरात देशीच्या दुकानाबाहेर उभे.