संशोधकाचा एच-इंडेक्स कितपत विश्वासाने धरावा?

प्रश्न : फोंडा_संस्था
नमस्कार. आमची संस्था गोव्यात काम करणाऱ्या एका वैद्यकीय संशोधकाला दरवर्षी अभ्यासवृत्ती देते. यंदा दोन अर्ज उरले आहेत. पहिल्या अर्जदारांचा गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळावरील एच-इंडेक्स (निबंधांची संख्या आणि त्यांची सायटेशन, म्हणजे इतर निबंधांत झालेले उल्लेख, यांवरून काढलेला आकडा) दुसऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे, परंतु त्यांच्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या शोधनिबंधांना शेकडो सहलेखक आहेत. दुसऱ्या डॉक्टर सत्तरी तालुक्यातील माकडतापावर (गोचिडींमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य तापावर) काम करतात. त्यांचे निबंध मोजके असून बहुतेकांत त्या प्रथम लेखिका आहेत. समितीत संशोधन क्षेत्रातले कोणी नसल्यामुळे आकडा पाहूनच निर्णय घ्यावा, असा काही सदस्यांचा आग्रह आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर : ग्रंथपाल_बांबोळी
एखाद्याच्या किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन मिळाली असतील, तर त्याचा एच-इंडेक्स वीस होतो. २००५ मध्ये हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही रीत सुचवली. हा आकडा वयाबरोबर वाढत जातो, आणि निबंधात त्या व्यक्तीचा वाटा किती होता हे त्यातून मुळीच कळत नाही. वैद्यकीय निबंधात साधारणपणे पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. जागतिक रोगभारासारख्या शेकडो संशोधकांच्या प्रकल्पांत मात्र लेखकांच्या यादीतील प्रत्येकाच्या खात्यावर तीच सायटेशन जमा होतात. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीच खुले केलेले निबंध) मोजतो, त्यामुळे तेथील आकडा स्कोपस या निवडक पत्रिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा दिसतो. तुलना करायचीच असेल तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्यावेत.

उत्तर : जनआरोग्य_म्हापसा
माझ्या मते विषयाचा आवाका याहून महत्त्वाचा आहे. माकडताप प्रामुख्याने पश्चिम घाटालगतच्या काही जिल्ह्यांत आढळतो, त्यावर लिहिणारे थोडे आणि म्हणून उद्धृत करणारेही थोडेच. त्या डॉक्टरांची तुलना मधुमेहाच्या संशोधकाशी करणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आयसाइट हे मोफत साधन निबंधाची सायटेशन त्याच क्षेत्रातील निबंधांच्या तुलनेत दाखवते, ते अवश्य पाहावे.

सायटेशन कशासाठी मिळाली, हेही पाहावे लागते. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझमविषयीचा १९९८ चा निबंध अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता आणि २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला, तरीही तो खूप उद्धृत झाला. त्यातील पुष्कळ उल्लेख खंडनासाठी होते. त्याच २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची गोव्यातील मानस चाचणी प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या मदतीने नैराश्य आणि चिंताविकाराचे रुग्ण सरकारी आरोग्य केंद्रांत अधिक प्रमाणात बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, आणि हा दुसरा निष्कर्षही त्यांनी स्पष्टपणे मांडला. मला त्या कामाचे मोल सायटेशनच्या संख्येपेक्षा या प्रामाणिक मांडणीत अधिक वाटते.

उत्तर : संख्याशास्त्र_मडगाव
वरील दोघांशी मी सहमत आहे, पण पहिल्या अर्जदारांना केवळ सहलेखकांच्या गर्दीमुळे बाद करू नये. मोठ्या प्रकल्पासाठी गोव्यातील नोंदी गोळा करून त्या तपासणे हे अतिशय कष्टाचे काम असू शकते, आणि ते कोणी केले हे विचारल्याशिवाय कळणार नाही. बऱ्याच निबंधांच्या अखेरीस कोणत्या लेखकाने काय केले याचे निवेदन असते, ते वाचावे. दोघांकडून त्यांनी स्वतः निवडलेले पाच निबंध आणि प्रत्येकातील आपल्या वाट्याची चार ओळींची नोंद मागवावी. संशोधकाचे मूल्यमापन पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (तिच्यातील निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात या आकड्यावरून) करू नये, असे सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ साली तयार झालेले संशोधन मूल्यमापनाविषयीचे डोरा घोषणापत्रही सांगते.

फोंडा_संस्था
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढील बैठकीपूर्वी दोघांकडून निबंध आणि नोंदी मागवण्याचा प्रस्ताव मी मांडतो. ते निबंध वाचून समितीला सोप्या मराठीत अभिप्राय देण्यास आपल्यापैकी कोणी तयार असल्यास कृपया येथे कळवावे; अर्जदारांशी कामाचा किंवा नात्याचा संबंध नसावा, एवढीच अट आहे.